वकीलसाहेबांच्या मोटारीचा मागचा दिवा

ज्या वकीलसाहेबांची मोटार मी सहा वर्षं चालवली, त्यांना स्वतःबद्दल दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. सोलापूरच्या कोर्टात त्यांच्यासारखा उलटतपास कुणी घेत नाही, ही पहिली. आणि नीट प्रश्न विचारले तर जगातली कुठलीही अडचण, मग ती मळ्यातल्या इंजिनाची असो की मुलीच्या दुखऱ्या कानाची, आपोआप सुटते, ही दुसरी. पहिली बहुधा खरी असावी. दुसरीपायी घरातल्या माणसांपासून विहिरीवरच्या इंजिनापर्यंत सगळे हैराण होते.

साहेब अंगाने भरभक्कम होते. गाडीत चढताना त्यांनी फूटबोर्डावर पाय ठेवला की गाडी त्यांच्या बाजूला झुकायची, आणि ते मागच्या सीटवर डाव्या कोपऱ्यात टेकले की पुढे बसलेल्या मला पाठीमागे काहीतरी खचल्यासारखं वाटायचं. त्या कोपऱ्यात दुसऱ्या कुणी बसायचं नाही असा नियम होता. घरची मंडळी उजवीकडे बसत.

गाडी जुनी घेतलेली होती. मी त्यांच्याकडे लागण्याआधी एका मिलच्या वीजखात्यात तीन वर्षं काढली होती. तेवढ्या भांडवलावर विजेतलं सगळं आपल्याला कळतं असा माझाही समज होता. साहेबांचा गर्व निदान त्यांच्या धंद्यातून आलेला होता. माझा तीन वर्षं शिडी धरून उभं राहण्यातून आलेला होता.

गाडी घेऊन पाच वर्षं झाली असतील, तेव्हा साहेबांना हुक्की आली की गाडीत कागद वाचायला दिवा हवा. मोहोळला त्यांची पक्षकार मंडळी होती, महिन्यातून दोन-तीनदा जाणं व्हायचं आणि परतताना अंधारून यायचं. तो वेळ फुकट जातो हे त्यांना सहन होईना. कचेरीला निघायच्या आधी त्यांनी मला सांगितलं आणि हातात घड्याळ घेऊन ओसरीवर उभे राहिले. मी मागची गादी उचलली. तिच्या खालून एक वायर मागच्या लाल दिव्याकडे गेलेली होती, ती कापली, वाचायच्या दिव्याची वायर तिच्यात घेतली, तिन्ही टोकं पिळली आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळली. त्या सांध्याला डाख द्यायला हवा होता. त्यासाठी सिगडी पेटवा, डाखणी तापवा, शिसं वितळवा, एवढा वेळ साहेब देणारे नव्हते. मी मागितलाही नाही. दोन्ही दिवे लागले. साहेब म्हणाले, "बघ, मनात आणलं की होतं." मला फार बरं वाटलं. आज ते आठवलं की स्वतःचा कान धरावासा वाटतो.

पुढे दोन-अडीच महिन्यांनी, मोहोळहून येताना, गावाच्या अलीकडचं रेल्वेचं फाटक बंद मिळालं. दिवस नुकताच मावळला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिंचा, त्यामुळे खाली अंधार जरा जास्तच. आमच्या पुढे दोन बैलगाड्या थांबल्या होत्या. मी इंजिन बंद केलं, दिवे तसेच ठेवले. साहेब मागे दिवा लावून कागद वाचत होते. एवढ्यात गाडीला मागून दणका बसला आणि कुणीतरी ओरडलं.

साहेब आधी उतरले. मी माझ्या बाजूने उतरून मागे गेलो. एक माणूस रस्त्यावर बसला होता, त्याची सायकल आमच्या मडगार्डाखाली अडकली होती, आणि उजवा हात त्याने डाव्या हातात असा धरला होता जसा कुणा दुसऱ्याचा असावा. सोलापूरच्या पूर्वभागातला तेलुगू विणकर होता तो, तिशीतला. बाजूच्या गावात लुगडी पोचवून परत निघाला होता. आमचा मागचा लाल दिवा त्याच्या डोक्यापासून हातभरावर व्यवस्थित जळत होता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

तो म्हणाला, "मागं दिवा नव्हता की हो."

साहेबांना दुसरं काही ऐकायची गरज उरली नाही. त्यांनी त्याला प्यायलास का असं विचारलं नाही. किती प्यायलास, असं विचारलं. हा त्यांचा नेहमीचा खाक्या. माणूस गोंधळला, म्हणाला, काही घेतलेलं नाही. साहेबांनी दिव्याकडे बोट केलं आणि आता दिसतोय का ते विचारलं. आता दिसतोय, असं तो म्हणाला. मग घटकेपूर्वी का दिसला नाही, असं साहेबांनी विचारलं. याचं उत्तर कुणाकडे असणार? फाटकवाला आला होता, दोन्ही गाडीवान आले होते, आणि सगळ्यांच्या समोर तो दिवा जळत होता. आम्ही सगळ्यांनी त्या माणसाकडे असं पाहिलं की त्याने नजर खाली घातली.

मोटारीत मागची अर्धी सीट मोकळी होती. साहेबांनी त्याला बैलगाडीत बसवून दिला.

पुढे दोन दिवसांनी चौकीवर बोलावणं आलं. माझा जबाब घेतला. दिवा लागलेला होता, मी डोळ्यांनी पाहिला, असं मी सांगितलं आणि सही केली. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. विणकराच्या मनगटाला हाडवैद्याच्या कामट्या बांधलेल्या होत्या. साहेब खुर्चीवर बसून म्हणाले की मी फिर्याद करणार नाही, याने फक्त लिहून द्यावं की नशेत उभ्या गाडीवर आदळलो. त्याने डाव्या हाताचा अंगठा उठवला. उजवा उठत नव्हता. बाहेर आल्यावर साहेब मला म्हणाले, "याला औदार्य म्हणतात." मी मान डोलावली.

त्यानंतर पंधरवड्याभरात खरी गंमत सुरू झाली. एका संध्याकाळी क्लबाकडून येताना फौजदाराने गाडी अडवली. मागे दिवा नाही, म्हणाला. साहेब संतापून खाली उतरले, त्याला हाताला धरून मागे नेलं, आणि दिवा होता. फौजदाराने डोळे चोळले आणि माफी मागितली. चार दिवसांनी तोच फौजदार, तीच तक्रार, तसाच जळता दिवा. तिसऱ्या खेपेला साहेबांचे एक वकील मित्र टांग्यातून मागे येत होते, त्यांनी दुसऱ्या दिवशी बाररूममध्ये सगळ्यांच्या देखत सांगितलं की काल अख्ख्या रस्ताभर तुमच्या मोटारीच्या मागे काळोख होता. हे मात्र साहेबांना लागलं. विणकर खोटा पडू शकतो, फौजदाराला चकवा बसू शकतो, पण बाररूममधला माणूस म्हणतो म्हणजे काहीतरी असणार.

प्रथम माझी उलटतपासणी झाली. ओसरीवर ते आरामखुर्चीत आणि मी समोर उभा. काल सात वाजता तुझा डावा हात कुठे होता, दिव्याचं बटण स्टिअरिंगपासून किती अंतरावर आहे, बॅटरी वाचवावी असं तुझ्या मनात कधी आलं आहे की नाही. अर्ध्या तासाने त्यांनी असं ठरवलं की मी वाटेत दिवा बंद करतो आणि ते उतरले की लावतो. मी म्हणालो, साहेब, बटण एकच आहे, मागचा बंद केला तर पुढचेही जातील आणि आपण खड्ड्यात जाऊ. ते म्हणाले की साक्षीदाराने विचारलं तेवढंच बोलावं.

मग जाणकार आले. पहिले आले मिलमधले वीज-इंजिनिअर, साहेबांचे क्लबातले सोबती. पांढरी विजार घालून आले होते, त्यामुळे ते गाडीखाली वाकणार नाहीत हे मला लगेच कळलं. त्यांनी बॅटरीतलं पाणी बघितलं, माझ्याकडून इंजिन चालू करून घेतलं आणि डायनामो अशक्त आहे असं निदान केलं. डायनामो अशक्त असता तर पुढचे दिवे आधी मंदावले असते, हे मिलमध्ये शिडी धरणाऱ्यालाही कळतं. मी ते बोललो नाही. दुसरे आले हायस्कुलातले शास्त्राचे मास्तर. त्यांनी शाळेतलं काट्याचं यंत्र आणलं, गाडीच्या पत्र्यावर चार ठिकाणी काचकागद घासून चकचकीत ठिपके पाडले, आणि पत्र्यातून परत येणारा प्रवाह नीट परतत नाही असं सांगितलं. कल्पना वाईट नव्हती. फक्त ते यंत्र लावून बघत असताना काटा तसूभरही हलला नाही, आणि मास्तरांनी याचा अर्थ दोष सध्या हजर नाही असा लावला. तिसरा गॅरेजवाला मिस्त्री. त्याने आधी बल्ब बदलला, मग बल्बचं घर बदललं, आणि तिसऱ्या दिवशी गाडी जुनी आहे असं म्हणून गेला.

या सगळ्यांच्या वेळी साहेब स्वतः हजर असत. ते गाडीच्या मागे, पाठीवर हात बांधून, दिव्याकडे टक लावून उभे राहत. तपासणी आपल्या डोळ्यांदेखत झाली पाहिजे हा त्यांचा आग्रह. आणि ते तिथे उभे असेपर्यंत दिवा कधी पापणीसुद्धा लववायचा नाही. त्या गाडीभोवती एवढी शिकलेली माणसं गोळा झाली, कुणी वाकलं, कुणी उकिडवं बसलं, पण दिवा नेमका केव्हा जातो हा साधा प्रश्न कुणी विचारला नाही. मीही नाही. मी त्यांना मनात हसत होतो, आणि हसण्यातच माझी अक्कल खर्च होत होती.

ती जागी झाली एका टांगेवाल्यामुळे. क्लबाबाहेर आम्ही गाड्या लावून उभे असायचो, तिथे त्याची माझी ओळख. वयाने माझ्यापेक्षा मोठा, दाढी मेंदीने रंगवलेली, बोलायचा कमी. मी त्याला माझं गाऱ्हाणं सांगत होतो तेव्हा तो सहज म्हणाला, "तुम अकेले आते ना, तब तो लाल बराबर रैता."

मी त्याला विचारलं, नक्की का. तो म्हणाला, रोज बघतो, साहेबांना घ्यायला तू रिकामी गाडी आणतोस तेव्हा दिवा असतो.

मी त्याला विनवलं की चार दिवस संध्याकाळी जमेल तेव्हा माझ्या मागे राहा. साहेबांना सोडायला निघालो की त्याचा टांगा पाठीमागून यायचा. चौथ्या दिवशी त्याने हिशेब दिला. क्लबावर रिकामं येताना चारी दिवस दिवा होता. साहेबांना घेऊन जाताना चारी दिवस नव्हता. मधल्या एका दिवशी मी बाईसाहेबांना, म्हणजे साहेबांच्या पत्नीला, सिद्धेश्वराच्या दर्शनाला नेलं होतं, तेव्हाही तो योगायोगाने मागे होता. त्या वेळी दिवा जाताना होता आणि येतानाही होता. पुढचं वाक्य त्यालाही बोलायचं नव्हतं आणि मलाही. साहेब गाडीत बसले की दिवा जातो.

हे साहेबांना जाऊन सांगायचं म्हणजे पुरावा हवा. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब कोर्टात असताना मी त्यांना आणायला जायच्या आधी टांगेवाल्याला बंगल्यावर बोलावलं. गाडीखाना अंधारा होता, त्यामुळे दुपारीही दिवा नीट दिसायचा. कोठीत साहेबांच्या मळ्यातल्या जोंधळ्याची पोती होती. आधी एक अर्धं पोतं आम्ही साहेबांच्या कोपऱ्यात ठेवलं. दिवा जळत राहिला. मग एक भरलेलं पोतं दोघांनी मिळून उचललं, दारातून कसंबसं आत घातलं आणि डाव्या कोपऱ्यात बसवलं. गादी करकरली. टांगेवाला मागे जाऊन म्हणाला, "गया."

आम्ही पोतं उजवीकडे सरकवलं. दिवा आला. परत डावीकडे आणलं. गेला. आम्ही चार-पाच वेळा तसं केलं असेल. एव्हाना दोघंही घामाघूम झालो होतो आणि आवाज ऐकून बाईसाहेब दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. साहेबांच्या जागेवर पोतं बघून त्यांनी पदर तोंडाला लावला. मग त्या गाडीच्या मागे आल्या, मला पोतं पुन्हा एकदा इकडून तिकडे करायला लावलं, आणि सगळं स्वतः बघितलं. सगळ्या जाणकारांत एवढं करणारी ती पहिली व्यक्ती.

मला म्हणाल्या, "हे त्यांना तू सांगणार की मी?"

मी म्हणालो, मी सांगतो.

"मग आधी गादीखाली बघ. नुसतं पोतं दाखवलंस तर ऐकायचे नाहीत."

मी पोतं काढून गादी उचलली. खाली माझाच सांधा होता. गादीच्या खालच्या चौकटीचा कोपरा नेमका त्याच्यावर येत होता. चिकटपट्टी बाहेरून धडधाकट. मी ती सोडली तेव्हा आत लाल दिव्याकडे जाणारं टोक पिळातून सुटलेलं होतं आणि नुसतं टेकून उभं होतं. चौकट दबली की वायर खाली ओढली जायची आणि टोक केसभर सरकायचं. वजन उठलं की वायर आपल्या ताठपणाने परत वर यायची. वाचायच्या दिव्याचं टोक मात्र घट्ट होतं. म्हणजे साहेब बसले की आत त्यांच्या कागदांवर उजेड असायचा आणि बाहेर काळोख.

टांगेवाला वाकून बघत होता. "किसका काम है?" त्याने विचारलं. मी माझं म्हणून सांगितलं. तो सरळ झाला आणि आपल्या घोड्याकडे गेला.

मी तिथे बसून राहिलो तेव्हा मला दिव्याचं काही वाटत नव्हतं. फाटकाजवळ धुळीत बसलेला माणूस दिसत होता. साहेब उतरले म्हणून दिवा आला. मी मागे पोचेपर्यंत तो आलेला होता. त्या माणसाने जे पाहिलं तेच सांगितलं होतं, आणि मी जे पाहिलं तेच मी सांगितलं होतं, आणि अंगठा मात्र त्याने उठवला होता.

संध्याकाळी साहेब घरी आल्यावर मी त्यांना गाडीखान्यात नेलं. सांधा मुद्दाम तसाच ठेवला होता. सगळं सांगितलं. पोत्याचं सांगितलं नाही, फक्त म्हणालो की त्या कोपऱ्यावर भार आला की होतं. आणि विनंती केली की साहेबांनी क्षणभर आत बसावं, म्हणजे दाखवता येईल.

ते म्हणाले, "मला प्रयोगाची गरज नाही. सांधा कुणी केला?"

मी केला, असं मी सांगितलं. डाख का दिला नाही, असं त्यांनी विचारलं. साहेब घाईत होते, असं मी म्हणालो. डाख दिला की नाही, एवढंच त्यांनी पुन्हा विचारलं. नाही, म्हणालो. मग दोष तुझ्या सांध्याचा, असा निकाल देऊन ते वळले. निकाल खराच होता, त्यामुळे मला राग येऊनही काही करता येईना. वजन हा शब्द दोघांपैकी कुणीच उच्चारला नाही.

मी म्हणालो, "साहेब, मग तो फाटकावरचा विणकर..."

"त्याचं काय? त्याने कबूल केलंय. लेखी आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही लपवाछपवी नव्हती. त्यांना खरंच तसं वाटत होतं. लिहिलेलं आहे म्हणजे झालं. दिवा नव्हता हे आता कळलं काय आणि न कळलं काय, कागदावर तो होता. वकिली करता करता माणूस डोळ्यांपेक्षा कागदावर जास्त भरवसा ठेवायला लागतो, आणि त्याला हुशारी म्हणतो.

मी सिगडी पेटवली, सांधा उलगडून साफ केला, डाख दिला, आणि वायर चौकटीच्या कोपऱ्यापासून दूर नेऊन बांधली. पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात काय काय टळलं असतं हे मोजायची मला हिंमत झाली नाही.

एवढ्यावरच मी गप्प राहिलो असतो. मी काही मोठा सत्याचा पुतळा नव्हतो. पण पुढच्या आठवड्यात क्लबाबाहेर उभा असताना खिडकीतून साहेबांचा आवाज ऐकू आला. ते मंडळींना सांगत होते की सगळे इंजिनिअर आणि मास्तर हरले तेव्हा आपण ड्रायव्हरला समोर उभं केलं आणि एकच प्रश्न विचारला, दिवा जातो तेव्हा गाडी रिकामी असते की भरलेली. त्यावरून आपण सांध्यापर्यंत कसे पोचलो हे ते पायरी पायरीने सांगत होते, आणि टाळ्या पडत होत्या. घटकाभराने ते पांढऱ्या विजारीवाले इंजिनिअर बाहेर आले. माझ्याजवळ थांबून त्यांनी विचारलं, साहेबांनी हे खरंच शोधून काढलं का.

मी म्हणालो, "व्हय साहेब."

टांगेवाला दहा हातांवर उभा होता. त्याने ऐकलं आणि घोड्याच्या तोंडची पिशवी सारखी करायला लागला. फौजदार, मास्तर, मिस्त्री, साहेब, या सगळ्यांना मी इतके दिवस तुच्छ लेखत आलो होतो. त्या क्षणी त्या रांगेत सगळ्यात खाली मी होतो. ते निदान चुकले होते. मी जाणूनबुजून बोललो होतो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी पूर्वभागात साखर पेठेत जाऊन विणकराचं घर शोधून काढलं. बोळात दोन्ही बाजूंनी हातमागांचा खटखटाट चालू होता. त्याच्या घरातही माग चालू होता, पण मागावर त्याची बायको बसली होती. तो दारात बसून डाव्या हाताने सुताच्या कांड्या भरत होता. मला बघून तो उठला नाही. कामट्या निघाल्या होत्या, पण मनगट जरा वाकडंच बसलं होतं. मी उंबऱ्याबाहेर उभ्यानेच सगळं सांगितलं. सांधा मी केला, दिवा साहेब बसले की जायचा, तू म्हणालास ते खरं होतं. पोत्याचंही सांगितलं, कारण त्याशिवाय त्याला पटणार नाही असं मला वाटलं.

तो शांतपणे म्हणाला, "मला ठावं होतं की. तुमाला आत्ता कळलं."

मग त्याने विचारलं की साहेबांना सांगितलं का. सांगितलं, म्हणालो. काय म्हणाले, असं त्याने विचारलं. माझी नजर त्याच्या डाव्या अंगठ्यावर गेली. त्याने कांडी खाली ठेवली.

"हितं सगळी मला दारुडा म्हनत्यात. माज्या सासऱ्यानं तीन महिनं तोंड बघितलं न्हाय. तुमी जे मला सांगितलं ते त्यास्नी सांगा."

बोळात माणसं जमायला वेळ लागत नाही. सासराही आला, पागोटं बांधलेला म्हातारा, मराठी त्याला बेताचीच यायची. मी मराठीत बोललो आणि विणकर तेलुगूत सांगत गेला. मी चार वाक्यांत सांगितलेलं त्याच्या तोंडी बरंच लांबलं. मध्येच त्याने दोन्ही हात पसरून काहीतरी मोठं, जड, दाराशी अडकलेलं दाखवलं आणि सगळा बोळ हसायला लागला. मागावरची बायकोही हसली. मला कळलं की पोतं तेलुगूत शिरलं. सासरा मात्र हसला नाही. तो जावयापाशी गेला, त्याचं वाकडं मनगट हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं, आणि एक वाक्य बोलला. मी विणकराला विचारलं, काय म्हणाले. त्याने मला पाणी दिलं.

पूर्वभागातून ती हकिकत कोर्टापर्यंत यायला दहा दिवस लागले. त्यात मी सांगितलेलं फारसं उरलं नव्हतं, पोती मात्र दोन झाली होती. बाररूममध्ये कुणीतरी साहेबांना जोंधळ्याचा भाव विचारला म्हणे. त्या संध्याकाळी गाडीत ते कागद न वाचता बसले. घरी पोचल्यावर उतरायच्या आधी त्यांनी विचारलं, साखर पेठेत तू काय बोललास. मी जे बोललो ते सांगितलं, या वेळी पोत्यासकट. त्यावर त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. सहा वर्षांत असं पहिल्यांदा घडलं.

"उद्यापासून येऊ नकोस," ते म्हणाले आणि उतरले. मागचा दिवा ते बसलेले असतानाही जळत होता आणि उतरल्यावरही जळत राहिला, पण तो बघायला ते मागे गेले नाहीत.

किल्ली द्यायला मी मागच्या दाराशी गेलो तेव्हा बाईसाहेब बाहेर आल्या. कुठे काम बघणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, अक्कलकोट-मैंदर्गीच्या प्रवासी सर्व्हिस मोटारीवर जागा आहे असं ऐकतो. त्यांनी किल्ली घेतली.

"तो विणकर कुठल्या बोळात राहतो?"

मी बोळ सांगितला, घराची खूण सांगितली. त्यांनी ती खूण एकदा माझ्याकडून पुन्हा वदवून घेतली. पुढे त्या तिथे गेल्या की नाही, मला कधीच कळलं नाही.